साथीचं गणित शिकणाऱ्यांनो, आधी भाजक तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची गणितात किंवा संख्याशास्त्रात एमएस्सी झालेली मुलं-मुली हल्ली विचारतात, साथरोगांच्या मॉडेलिंगमध्ये यायचं तर काय शिकावं? एसआयआर (लोकसंख्येचे लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले असे तीन गट धरणारं मॉडेल) आणि आर-शून्य (कोणीच सुरक्षित नसताना एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा) तुम्हाला ठाऊक असणार, त्याहून जास्त सांगत बसत नाही. कोडचंही भय नको. आर किंवा पायथन या संगणकीय भाषांत एसआयआरची तीन समीकरणं सोडवायला एक संध्याकाळ पुरते. फक्त त्या संध्याकाळी पडद्यावर जी देखणी वक्ररेषा उमटेल, तिच्यावर लगेच विश्वास टाकू नका.

हे मी उगीच म्हणत नाही. हे मॉडेल मांडणाऱ्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात समीकरण ताडून पाहिलं ते मुंबईच्या प्लेगवर. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले मृत्यू घेतले आणि रेषा सुरेख बसली. पण प्लेग उंदीर आणि पिसवांमधून येतो, समीकरणात तर फक्त माणसं होती. रेषा जुळली म्हणून कारण कळलं असं होत नाही. मॅकेंड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर होते, म्हणजे या विषयाची मुळं आपल्याच मातीत आहेत. रोनाल्ड रॉसचंही तसंच. १८९७ मध्ये सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला आणि पुढे त्यांनी गणिताने दाखवलं की सगळे डास मारायची गरज नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की मलेरिया ओसरतो. पैसा कमी आहे, मग हात नेमका कुठे घालायचा, हे सांगणं हेच गरीब देशांत या गणिताचं काम. मला आजही यातूनच उभारी येते.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त छळलं तिच्याकडे येते. ती होती भाजकात. समीकरणात भाजकाच्या जागी एकूण लोकसंख्या म्हणून आपण एन लिहितो. हा एन म्हणजे नेमके कोण लोक? जनगणनेतून तालुक्याचा आकडा उचलला की काम झालं असं सगळेच धरून चालतात. आपल्या सीमाभागात ते चालत नाही.

गोवराचं उदाहरण घ्या. समजा एका भागात १,००,००० मुलं आहेत आणि त्यातली ९६ टक्के सुरक्षित आहेत. गोवराचा आर-शून्य १२ ते १८ सांगतात, आपण १५ धरू. १५ गुणिले ०.०४ (सुरक्षित नसलेल्या मुलांचा वाटा) म्हणजे ०.६, हा झाला प्रत्यक्षातला आर. एकाच्या खाली, म्हणजे साथ पसरणार नाही. आता असं धरा की यातली २,००० मुलं ऊसतोडीच्या तळांवर आहेत आणि त्यांच्यातली ६० टक्केच सुरक्षित आहेत. उरलेली ९८,००० पूर्वीसारखीच ९६ टक्के. सगळ्यांची सरासरी येते ९५.२८ टक्के आणि आर येतो ०.७१. मॉडेल अजूनही निर्धास्त राहा म्हणतं. पण तळावरची मुलं दिवसभर एकमेकांतच असतात. तेवढ्यांचाच हिशेब केला तर १५ गुणिले ०.४, म्हणजे ६. सरासरीच्या पोटात ही साथ दिसतच नाही. मुलं गावातही थोडी मिसळतात, म्हणून ६ हे टोक झालं. तरी एकाच्या खाली यायला तिथून बरंच अंतर आहे. उपाय अवघड नाही. एका एनऐवजी दोन गट करा, त्यांच्यातल्या संपर्काचं दोन-बाय-दोन मॅट्रिक्स मांडा आणि त्याचं सर्वांत मोठं आयगेनमूल्य बघा, तोच सगळ्यांचा मिळून आर.

मोठी अडचण ही की ती मुलं कुठल्याच यादीत धड नसतात. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या बीडकडून, विजयपूरकडून येतात आणि हंगाम संपला की परत जातात. लसीचं कार्ड गावाकडे असतं, तिथल्या नोंदीत मूल ‘बाहेरगावी’ असतं आणि इथल्या भाजकात ते आलेलंच नसतं.

सीमेमुळे यात आणखी गुंता होतो. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये. नऊ महिने ते पंधरा वर्षं या वयातल्या मुलांना ती लस होती. म्हणजे कर्नाटकातल्या खानापूरचं आणि महाराष्ट्रातल्या चंदगडचं एकाच वयाचं मूल प्रतिकारशक्तीच्या बाबतीत सारखं धरता येत नाही. आणि डेंग्यूचं बघा. चंदगडचा रुग्ण बेळगावच्या दवाखान्यात दाखल होतो, निपाणीचा कोल्हापूरला जातो. दवाखान्याचा जिल्हा धरून आकडे घेतले तर बेळगावचा प्रसारदर फुगतो, धुरळणी शहरात होते आणि अळ्या चंदगडच्या बॅरलमध्येच राहतात. म्हणून लाइन लिस्ट, म्हणजे एकेका रुग्णाची एकेक ओळ असलेली यादी, हातात आली की पहिल्यांदा राहण्याचं गाव आणि ताप सुरू झाल्याची तारीख हे दोन रकाने तपासा. गावांची नावं कुठे कन्नडमध्ये, कुठे मराठीत, कुठे इंग्रजीत असतात, आणि खानापूर तालुका सांगलीतही आहे. हे जुळवायला दिवसच्या दिवस जातात. कंटाळा येईल, तरी करा.

कोण कोणाला किती भेटतं ते मांडणाऱ्या संपर्काच्या मॅट्रिक्सबद्दल माझं मत कडक आहे. युरोपातल्या आठ देशांत लोकांकडून डायऱ्या भरून घेऊन संपर्क मोजले गेले, तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारावर २०१७ मध्ये १५२ देशांसाठी अंदाज काढले गेले. त्यात भारताचं मॅट्रिक्स तयार मिळतं, आणि सुरुवातीला ते वापरायलाही हरकत नाही. पण ते इथे मोजलेलं नाही. खोपीत राहणाऱ्या कुटुंबाचा दिवस त्यात सापडणार नाही. तो शोधायचा असेल तर टोळीचा मुकादम आणि कारखान्याचा चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा) यांच्याशी बोला. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मायक्रोप्लॅनमध्ये, म्हणजे लसीकरणाच्या गाववार आराखड्यात, वीटभट्ट्या आणि ऊसतोडीचे तळ वेगळे लिहिलेले असतात, ती यादी परवानगी काढून मागा. मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका आशाताईंनी, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणते. ज्या मार्गदर्शकाने कधी लाइन लिस्ट उघडली नाही, त्यांचं नाव कितीही मोठं असो, त्यांच्याकडे पहिली दोन वर्षं घालवू नका. पंधरा दिवसांच्या प्रमाणपत्राच्या कोर्सवरही पैसे घालवू नका.

अंदाज चुकला तर लोक हसतील, ही भीती मात्र सोडा. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या साथरोग-नियंत्रण संस्थेने म्हटलं होतं की जादा उपाय झाले नाहीत तर जानेवारी २०१५ पर्यंत लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये, न नोंदलेले धरून, इबोलाचे १४ लाख रुग्ण होऊ शकतात. त्या साऱ्या साथीत शेवटी नोंद झाली साधारण २८,६०० रुग्णांची. मॉडेल फसलं म्हणणाऱ्यांनी ‘उपाय झाले नाहीत तर’ ही अट वाचलीच नाही. तुमची अट पहिल्याच ओळीत, ठळक लिहा.

आणि टिपण वेळेत द्या. जानेवारीत तयार झालेलं उत्तम मॉडेल त्या हंगामाच्या उपयोगाचं नाही. कारखान्यांची धुराडी पेटण्याआधी, सप्टेंबरातच, तालुका आरोग्याधिकाऱ्यांच्या टेबलावर दोन पानं पोचवा. एक कन्नडमध्ये, एक मराठीत, आणि त्याची प्रत सीमेपलीकडच्या तालुक्यालाही. त्यात समीकरण नको. कोणते तळ, अंदाजे किती मुलं, कोणत्या आठवड्यात लसीचं सत्र घ्यावं आणि मुलं दुप्पट निघाली तर किती डोस जास्त लागतील, एवढं लिहा. खाली तुमचा फोन नंबर द्या. प्रश्न विचारायला फोन येतो, आणि आला की उचला.