बांबूच्या बेटात आत्ता कोयता घालू नका

पाऊस झाला, बांधावरच्या मानवेल बांबूला कोंब निघायला लागले, आणि नेमकं आत्ताच रावेर-यावलकडं केळीला टेकू पाहिजे म्हणून लोक बेटात शिरतात. भाऊहो, थांबवा हे. घड पडायची भीती मलाही कळते, पण टेकूच्या काठ्या हिवाळ्यात तोडून सावलीत रचून ठेवायच्या असतात, वादळ आल्यावर नाही.

नवा कोंब बहुतेक बेटाच्या बाहेरच्या कडेला फुटतो, म्हणजे हाताशी येते ती कोवळी काठी आणि जून काठ्या मधे अडकलेल्या. आपण आत शिरायचा कंटाळा करतो, बाहेरचीच ओढतो. चार-पाच वर्षं असं चाललं की मधे वाळका गुंता, बाहेर फूट बंद. अशी मेलेली बेटं मी बांधाबांधावर पाहिलीत अन शेतकरी म्हणतो बांबू आपल्या जमिनीला मानवला नाही. बरं ती कोवळी काठी तरी टिकते का, वाळली की आकसते, भुंगा लागतो, खाली पिठासारखा भुसा पडतो आणि घड भरला की टेकू मोडतो.

वय असं ओळखा. पेरावर तपकिरी पापुद्रा चिकटलेला, बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते, ती याच वर्षाची. रंग मळकट, पापुद्रा गळालेला, कोयत्याच्या पाठीनं ठोकली की खणखणीत वाजते ती जून, तीन वर्षांवरची तीच तोडा. जाडीवर जाऊ नका, काठी पहिल्याच हंगामात पूर्ण वाढते, नंतर फक्त पक्की होते.

आत्ताची कामं:
- शेणखत, मातीची भर
- वेल-गवत काढणं
- शेळ्या लांब ठेवणं
- साचलेल्या पाण्याला चर

तोडणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बेट एका बाजूनं घोड्याच्या नालेसारखं उघडून आतल्या जून काठ्या काढा, जमिनीजवळच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर काप घ्या. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या काठीला भुंगा कमी लागतो असा माझा अनुभव आहे.

दुकानदार बांबूसाठी म्हणून महागडी टॉनिकची बाटली देईल, घेऊ नका, सातपुड्यातल्या मानवेलला कोण बाटली ओततं? टेकूच्या काठ्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग वाळवा. छपराखालच्या कामाला 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स, 2 किलो बोरिक ॲसिड घालून भुंग्यासाठी काठ्या त्यात भिजवा, पण हे पावसात धुऊन जातं म्हणून शेतातल्या टेकूवर पैसे घालू नका.

परवान्याच्या भीतीनं जून काठ्या ठेवू नका, 2017 मधे वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू काढलाय, शेतातल्या बांबूला वाहतूक पास लागत नाही. आणि दिवाळीत यंदाच्या काठ्यांवर रंगाचा एक पट्टा मारा, पुढच्या वर्षी दुसरा रंग, म्हणजे तोडणाऱ्या मजुराला काठीचं वय विचारावं लागणार नाही.