अंत्यविधीच्या फुलांसाठी झेंडू-निशिगंध: परतीच्या पावसाआधी चर काढा

पितृपक्ष जवळ आला की फुलशेतीवाल्यांचं सगळं लक्ष दसऱ्याच्या भावाकडे लागतं. पण गावच्या हारवाल्याला फुलं रोज लागतात. मरणाला मुहूर्त नसतो. निरोप रात्री आला तरी सकाळी हार तयार हवा. नेमक्या याच दिवसांत जवळच्या रानातली फुलं कमी पडतात, कारण पाणी साचून झेंडू बसलेला असतो. मग हारवाला प्लास्टिकची फुलं ओवतो, नाहीतर शहरातून हिरव्या स्पंजवर खोचलेलं पुष्पचक्र मागवतो. तो स्पंजही प्लास्टिकचाच. नदीत गेला तर कुजत नाही, बारीक कण होऊन पाण्यातच राहतो.

म्हणून या आठवड्यात बाकी सगळं मागे ठेवा आणि चर काढा.

मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख राजस्थानात 17 सप्टेंबर आणि मुंबईत 8 ऑक्टोबर धरली जाते. अजून जोराचे पाऊस यायचे आहेत. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाडा-सोलापुरात काय झालं ते आठवा. तेवढ्या पुरापुढे चराचं काही चालत नाही, पण आपल्याकडचे बरेच प्लॉट पुराने नाही, दोन दिवस तुंबलेल्या पाण्याने जातात. दरवर्षी तेच बघतो आणि दरवर्षी तेच सांगतो.

झेंडूला पाऊस चालतो, मुळाशी उभं पाणी चालत नाही. भारी काळ्या रानात मुळांची हवा तुटते, पांढरी मुळी काळी पडते आणि मग मूळकूज, मर (झाड वाळवणारा रोग) शिरते. माती ओली असूनही झाड सकाळीच माना टाकत असेल तर मूळ गुदमरलंय असं समजा. दुपारी सुकून संध्याकाळी सावरत असेल तर घाबरू नका.

अशा वेळी दुकानात गेलात की ह्युमिक, टॉनिक, मुळी वाढवणारी महागडी बाटली हातात येते. गुदमरलेल्या मुळाला ती काही कामाची नाही. तेवढ्या पैशात दोन माणसं लावून चर होतो. उताराच्या खालच्या बाजूला फूटभर खोल मुख्य चर काढा आणि सऱ्यांची तोंडं त्यात फोडा. मेलेली झाडं मुळासकट उपटून रानाबाहेर जाळा, बांधावर टाकू नका. पाणी उतरल्यावर आजूबाजूच्या झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराईड 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात मिसळून आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. उभ्या पाण्यात आळवणी म्हणजे औषध वाया.

मुंग्या अंडी घेऊन बांधावर चढताना दिसल्या की मी हवामानाच्या अंदाजाची वाट बघत नाही, कुदळ काढतो. शास्त्र काय म्हणतं ते असो, चर आधी झाला तर नुकसान काहीच नाही.

बाकीची कामं:
- नवी लागवड गादीवाफ्यावरच (उंच वाफ्यावर).
- खुरपणी वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली की.
- मावा, फुलकिडे: 5 टक्के निंबोळी अर्क.
- भिजून कुजलेली फुलं खुडून बाहेर.
- निशिगंधाच्या कळ्या पहाटे तोडा.
- झेंडू दव सुकल्यावर तोडा. ओला माल गोणीत दाबू नका.
- नत्र (युरियासारखं खत) आत्ता थांबवा.

अंत्यविधीच्या हारासाठी देणार त्या ओळींवर तोडणीच्या तोंडावर रासायनिक फवारणी करू नका. ती फुलं घरची माणसं हातात घेतात आणि पुढे नदीत जातात. दोन-चार ओळी वेगळ्या राखा आणि हारवाल्याला तसं सांगा. नायलॉनऐवजी सुती दोरा किंवा केळीच्या खोडाचा सोप (साल) वापरायलाही सांगा.

चर काढून झाला की पाऊस चालू असतानाच इरलं घेऊन रानात जा आणि पाणी कुठे अडतंय ते डोळ्यांनी बघा. ते शेजाऱ्याच्या रानात सोडू नका. त्याच्याशी बोलून ओढ्यापर्यंत दोघांचा एकच चर न्या.