होम थिएटरचा रॅक: माप पाठीमागून घ्या

दुकानात मिळणारं तयार टीव्ही युनिट दिसायला छान असतं, पण त्याची खोली बहुतेक वेळा 35 ते 40 सें.मी.च असते. एव्ही रिसीव्हर, म्हणजे चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरकडे पाठवणारी पेटी, साधारण 43-44 सें.मी. रुंद, 16-18 सें.मी. उंच आणि 33 ते 39 सें.मी. खोल. म्हणजे तो आत बसतो, पण केबल लावायला गेलं की अडतं. म्हणून टेप आधी रिसीव्हरच्या पाठीला लावा. एचडीएमआय केबल खोचून बघा: प्लग चार-पाच सें.मी. बाहेर येतो आणि त्यापुढे केबलला वळायला जवळपास तेवढीच जागा लागते. ती न ठेवता रिसीव्हर भिंतीकडे रेटला, तर सगळा ताण पोर्टवर येतो आणि काही दिवसांनी चित्र मध्येच जायला लागतं. रिसीव्हरच्या खोलीत 10 सें.मी. मिळवा, ती रॅकची किमान खोली. बहुतेक घरांत 50 सें.मी. पुरते.

दुसरा हिशेब हवेचा. रिसीव्हर घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत घालवतो आणि ती उष्णता वरच्या जाळीतून बाहेर पडते. वर 12-15 सें.मी. आणि दोन्ही बाजूंना 5-6 सें.मी. मोकळं हवंच. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत काचेच्या दाराच्या कपाटातला रिसीव्हर सिनेमाच्या मध्यावर स्वतःहून बंद पडतो, तेव्हा तो बिघडलेला नसतो, गुदमरलेला असतो. त्यामुळे आमचा स्पष्ट सल्ला: रिसीव्हर सगळ्यात वर, उघड्यावर ठेवा. आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल, फोटोफ्रेम किंवा गणपतीतली आरास, काहीही ठेवू नका.

कपाट बंदच हवं असेल तर पाठीला वरच्या बाजूस 120 मि.मी.चा, 12 व्होल्टचा पंखा बसवा. त्याच्या स्क्रूंच्या भोकांतलं अंतर 105 मि.मी. असतं. पण खालून हवा आत यायला तितकीच मोठी फट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. लाकडी दारामागे रिमोटही चालत नाही. त्यासाठी आयआर रिपीटर, म्हणजे रिमोटचा सिग्नल दाराआड पोचवणारं उपकरण लागतं, तो खर्च आधीच धरा.

आता बांधणी. 18 मि.मी. प्लायचा 6 बाय 4 फुटी एकच शीट पुरतो. शीटवर आयएस 710 चा शिक्का बघून घ्या. हा पाण्याला टिकणारा प्लाय. पार्टिकल बोर्ड रोजच्या फरशी पुसण्याने आणि पावसाळ्यातल्या ओलीने कडेला फुगतो, आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. पुण्यात प्लायसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, हार्डवेअरला बोहरी आळी, वायर आणि बोर्डासाठी तपकीर गल्ली. शीट मापाने कापून देतात का, ते दुकानातच विचारा.

कापायची मापं मि.मी.मध्ये: दोन बाजू (584 बाय 500), वरची एक फळी (600 बाय 500), तळाची एक (564 बाय 500), मधल्या दोन फळ्या (564 बाय 440). शीटच्या लांबीत दोन ओळी पाडा, एका ओळीत तीन तुकडे बसतात. असं कापलं की प्लायचे रेषे फळीच्या लांबीत येतात आणि फळी कमी वाकते. उरलेल्या पट्टीतून 564 बाय 90 च्या दोन पट्ट्या काढा.

तळाच्या फळीवर 230 मि.मी.चा कप्पा, त्यावर 150 चे दोन. 230 चा गेमिंग कन्सोलला, 150 चे सेट-टॉप बॉक्स आणि ब्लू-रे प्लेअरला. मधल्या फळ्या पुढच्या कडेला लावून बसवा, म्हणजे मागे 60 मि.मी.ची फट राहते. केबल तिथूनच उतरतात आणि गरम हवा तिथूनच वर जाते. काढलेल्या दोन पट्ट्या पाठीला, एक वर आणि एक तळाशी. त्या नसल्या तर रॅक ढकलताना तिरका होतो. पूर्ण पाठ मात्र बंद करू नका.

सांध्यांना फेव्हिकॉल आणि 50 मि.मी.चे स्क्रू, प्रत्येक सांध्याला तीन. आधी 3 मि.मी.चं भोक पाडा, नाहीतर प्लायची कड चिरते. मिस्त्री घाईत खिळे ठोकायला निघाले तर थांबवा, खिळ्याचा सांधा सरकवासरकवीत ढिला होतो. सनमायका फळीच्या दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावली तर फळीला बाक येतो. सनमायकाच्या जाडीने आतली मापं थोडी घटतात, हे लक्षात असू द्या. वरच्या फळीची सनमायका शेवटी, म्हणजे स्क्रूची डोकी झाकली जातात.

खाली 2 इंची कॅस्टर (फिरती चाकं) चार, त्यातले पुढचे दोन ब्रेकवाले. रॅकचंच वजन वीस किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे प्रत्येक कॅस्टर किमान 40 किलोचा घ्या. चाकं नसतील तर एक केबल बदलायला दोन माणसं लागतात.

विजेच्या आणि स्पीकरच्या वायरी दोन वेगळ्या बाजूंनी उतरवा. एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. टीव्ही, रिसीव्हर आणि सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा स्पीकर) शक्यतो एकाच बोर्डावर घ्या. वेगवेगळ्या बोर्डांवर असले की अर्थिंगच्या फरकाने स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. तो घालवायला प्लगची अर्थ पिन कोणी काढायला सांगितली, तर अजिबात काढू नका, धोका जिवाचा आहे. घरघर राहिलीच तर केबल टीव्हीची वायर काढून बघा, पुष्कळदा ती तिथूनच येते. सबवूफर रॅकमध्ये ठेवू नका, फळ्या खडखडतात.

प्रत्येक वायरला 60 सें.मी. ढील ठेवून वेल्क्रोच्या पट्टीने सैल बांधा. मग रॅक दिवाळीच्या साफसफाईला ओढाल तसा पुढे ओढून बघा. एकही वायर ताणली गेली नाही, तर तासभर सिनेमा लावा आणि रिसीव्हरच्या जाळीवर तळवा ठेवा. कोमट लागली तर ठीक, हात चटकन काढावा लागला तर वरची जागा वाढवा.