घाटात गाडी थांबवू नका: अर्धवट राहिलेली स्केल मॉडेल्स पूर्ण कशी करायची

माझ्या कपाटावर आत्ता सात गाड्या आहेत, सुटे पार्ट जोडून-रंगवून करायच्या प्लास्टिकच्या छोट्या, आणि त्यातल्या पूर्ण झालेल्या फक्त दोन. बाकीच्यांत एक बिनचाकाची बीटल आहे, एक निसानची स्कायलाइन आहे जिच्या बॉडीचा निळा वेगळा आणि बॉनेटचा निळा वेगळा (का ते पुढे सांगतो), आणि अजून तीन ज्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. दर दिवाळीच्या साफसफाईत आई कपाटापाशी उभी राहून विचारते, "यातलं टाकायचं काय नि ठेवायचं काय ते एकदाच सांग रे बाबा." मी दरवर्षी सांगतो सगळं ठेवायचं.

तर आधी एक गोष्ट क्लिअर करतो, एका वेळी दोन-तीन किट चालू असणं यात काहीही चूक नाहीये. प्लास्टिक किटमध्ये अर्धा वेळ रंग वाळायची वाट बघण्यात जातो, त्या वेळात माणूस दुसरा डबा उघडणारच. चूक होते ती कुठे थांबतो यात. खंडाळ्याच्या घाटात वळणावर गाडी बंद करून कोणी चहा प्यायला जात नाही, घाट उतरून ढाबा बघून थांबतो. मॉडेलचंही तसंच आहे, काही टप्प्यांवर वर्षभर ठेवलंत तरी काही होत नाही आणि काही टप्प्यांवर रात्रभर ठेवलंत तरी वाट लागते.

उदाहरण म्हणून टामिया या जपानी कंपनीचं १/२४ चं (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं) मिनी कूपर रॅली किट घेऊ, लाल बॉडी, पांढरं छत, पुढे दिव्यांची रांग. खरी मिनी साधारण ३.०५ मीटर लांब, भागिले २४, म्हणजे टेबलावर १२.७ सेंटिमीटर, तळहातावर मावते. नवीन माणसाने हीच का घ्यावी तर बॉडी छोटी, स्प्रे कमी लागतो आणि चुकलं तर परत करायला जीवावर येत नाही. (अमेरिकन किट बऱ्याचदा १/२५ मध्ये येतात, जपानी १/२४ मध्ये. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक फारसा कळत नाही पण एकीची चाकं दुसरीला लावायला गेलात की कळतो.)

डबा उघडल्यावर

सगळ्या पिशव्या एकदम फाडू नका. इन्स्ट्रक्शन शीट पूर्ण वाचा, कुठला पार्ट कुठल्या रंगाचा ते पेन्सिलने शीटवरच मार्क करा. रबरी टायर पहिल्यांदा बाहेर काढा आणि वेगळ्या झिपलॉकमध्ये टाका, कारण जुन्या किटमध्ये टायरमधलं तेलकट केमिकल बाहेर येऊन त्याला चिकटलेलं प्लास्टिक वितळवतं, काचांवर टायरचा ठसा उमटलेला मी स्वतः बघितलाय. डेकलची, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या आकडे-चित्रांची, शीट सपाट ठेवा, फाइलमधल्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, सोबत बुटाच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी.

मग सगळ्या स्प्रू, म्हणजे ज्या चौकटींना पार्ट जोडलेले असतात त्या, कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून धुवा. मोल्डमधून सुटायला लावलेलं तेल असतं प्लास्टिकवर, ते राहिलं की रंग धरत नाही.

इथपर्यंत येऊन थांबायचं असेल तर बिनधास्त थांबा.

बॉडी

बॉडी साच्यातून येते तेव्हा दोन साचे जिथे भेटतात तिथे एक बारीक शिवण राहते, मिनीत मडगार्डच्या वर आणि छताच्या कडेला बोट फिरवलं की लागते. ४०० च्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घालवा, मग ८००, मग १००० (आकडा मोठा तसा कागद बारीक). दारांच्या, बॉनेटच्या फटी प्राइमरच्या (रंगाखाली मारायचा पहिला थर) आधीच थोड्या खोल करून घ्या, सुरीच्या मागच्या बाजूने, कारण नंतर प्राइमर, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक चकचकीत थर) असे सगळे थर बसले की त्या फटी बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते.

प्राइमर ग्रे मारा. ग्रे एवढ्यासाठी की त्यावर सगळे ओरखडे दिसतात. दिसले की परत घासा, परत मारा, कंटाळा येईल पण करा. मिनीच्या छतासाठी आणि लाल रंगाखाली मी वरून पांढरा प्राइमर मारतो, ग्रेवर लाल मारला की तो विटकरी वाटतो. आणि किटचं प्लास्टिकच लाल असेल नि वर पांढरा किंवा पिवळा मारायचा असेल तर मधे सिल्व्हरचा एक कोट द्या, नाहीतर खालचा लाल हळूहळू वर येऊन छत गुलाबी होतं.

प्राइमर हा पहिला मोठा ढाबा. प्राइमर मारलेली बॉडी डब्यात सहा महिने राहू द्या, काही होत नाही, परत सुरू करताना फक्त धुवून घ्या.

रंग, म्हणजे खरा घाट

इथून पुढे थांबायचं नाही. रंगाचा डबा उघडायच्या आधी स्वतःला विचारा की पुढचे दोन वीकेंड मोकळे आहेत का, लग्न, बारसं, ऑफिसचं रिलीज काही नाही ना. असेल तर आज इंजिन रंगवा.

आधी पांढरा, मग छतावर मास्किंग टेप, मग लाल. हलका रंग आधी, गडद नंतर. स्प्रेचा डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा (कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीचं, उकळतं नाही आणि गॅसवर तर चुकूनही नाही, डबा फुटतो), त्याने प्रेशर वाढतं आणि रंग बारीक पडतो. वीतभर अंतरावरून, हात गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिले दोन कोट नुसते शिंतोडे, खालचं दिसलं तरी चालेल, मधे दहा-पंधरा मिनिटं, आणि शेवटचा एक ओला कोट. सगळ्यांना पहिल्याच कोटात लाल बघायचा असतो आणि मग दरवाज्यावरून ओघळ येतो. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि मारून झालं की बॉडीवर ताबडतोब उलटा डबा झाकून ठेवा, आमच्याकडे पोह्यांचा मोठा डबा या कामी आलाय, पोहे आता पिशवीत असतात.

पावसाळ्यात हे सगळं करू नका. मी जुलैमध्ये केलंय, रात्री साडेदहाला, गॅलरीत, बाहेर पाऊस आणि मनात एकच की आज संपवायचं. लॅकरमधलं (म्हणजे लवकर वाळणाऱ्या स्प्रेच्या रंगातलं) सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. माझी काळी गाडी सकाळी ताकासारखी दिसत होती. कोरड्या दिवशी वरून क्लिअरचा हलका ओला हात मारला की बऱ्याचदा हे जातं, म्हणून लगेच घासायला बसू नका. आता मी एक साधा ह्युमिडिटी मीटर घेऊन ठेवलाय, ७० टक्क्यांच्या वर आकडा असला की स्प्रे बंद. जून ते सप्टेंबर फक्त ब्रशची कामं, सीट, डॅशबोर्ड, इंजिन, चेसिस. वर्षाची वाटणी आपोआप होते.

या घाटात तीन जागा अशा आहेत की तिथे थांबलात तर गेलातच.

एक, टेप लावलेली असताना. मिनीच्याच छतावर मी टेप लावली ती गणपतीच्या आदल्या आठवड्यात आणि काढली होळीला. टेप निघाली, तिचा गोंद राहिला, गोंद काढताना पांढरा रंग सोलून निघाला आणि खालचा ग्रे दिसायला लागला, बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावर, टक्कल पडल्यासारखा. छत परत पहिल्यापासून केलं. टेप त्याच दिवशी काढायची, लाल हाताला लागेनासा झाला की, हळू, मागे दुमडून.

दोन, मिक्स केलेला रंग. दोन बाटल्या मिसळून स्वतःचा निळा बनवलात तर त्या रंगाचे सगळे पार्ट त्याच बैठकीत झाले पाहिजेत, बॉडी, बॉनेट, आरसे, स्पॉयलर, सगळे. माझ्या स्कायलाइनचं बॉनेट "उद्या करू" म्हणून राहिलं. तो निळा मला आजतागायत परत जमलेला नाही.

तीन, एका बाजूची डेकल लावून दुसरी बाजू बाकी ठेवणं. उरलेली शीट पिवळी पडते किंवा तडकते, मग डाव्या दाराचा आकडा पांढरा आणि उजव्या दाराचा हळदीचा. (नुसती पिवळी पडली असेल तर झिपलॉकमध्ये घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, आठ-दहा दिवसांच्या उन्हात बरीच उजळते. तडकली असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही.)

रंग वाळला का हे बोटाने बघू नका, नाकाने बघा. जवळ नेऊन वास घ्या, वास येतोय तोवर आतून ओलाच आहे. लॅकरला मी दोन-तीन दिवस देतो, इनॅमलला, म्हणजे सावकाश वाळणाऱ्या रंगाला, आठवडा. मग डेकल, मग क्लिअर, आणि डेकलवरचे क्लिअरचे पहिले कोट एकदम हलके, कारण जाड ओला लॅकर डेकल सुरकुतवतो. क्लिअर वाळल्यावर २००० चा पेपर पाण्यात भिजवून, मग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणायची पेस्ट. कडांवर घासू नका, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो, मिनीच्या बॉनेटच्या कडेला दोन जास्तीचे हात मारलेत की पांढरं दिसायलाच लागतं.

बॉडी चकाचक झाली की घाट संपला. आता ठेवा डब्यात, श्वास घ्या.

टेबलावर किती गाड्या?

माझा नियम तीनचा, आणि तिन्ही वेगवेगळ्या टप्प्यावर. एक रंगात, एक बारीक कामात, एक जोडणीत. दोन गाड्या एकाच वेळी रंगात घेऊ नका, दोघींना सारखंच वाळायचं असतं आणि तुम्ही मधे नुसते बसून चौथा डबा ऑर्डर करता. नवीन किट घ्यायला माझी हरकत नाही, मी कोण सांगणार, पण सील तोडायचं नाही, सील तोडलं की ती चालू धरायची.

थांबताना डब्यात एक चिठ्ठी टाका, हे मी सांगतोय त्यातलं सगळ्यात उपयोगाचं. तारीख, वापरलेल्या रंगांचे नंबर आणि पुढचं पहिलं काम. "इंटीरियर करायचंय" असं लिहू नका, त्याने काही हलत नाही. माझ्या बीटलच्या डब्यात लिहिलंय, "डावी सीट ब्राऊन झाली, उजवी बाकी, बाटली दुसऱ्या ड्रॉवरमध्ये." असं लिहिलं असलं की वर्षाने उघडलं तरी पाच मिनिटांत हातात ब्रश असतो. किट अर्धवट राहायचं मुख्य कारण कंटाळा नसतंच, डबा उघडल्यावर आपण कुठे होतो हेच आठवत नाही आणि झाकण परत लागतं.

आणि एखादीचं खरंच काही होणार नाहीये हे कळलं असेल तर तिला प्रॅक्टिसची गाडी करा. नवीन रंग, नवीन क्लिअर, दुकानातला गाड्यांच्या टचअपचा स्प्रे (हा कधीकधी प्लास्टिक खातो) सगळं आधी तिच्यावर. माझ्या स्कायलाइनचं बॉनेट आता तेच काम करतं.

शेवटची बैठक

मिनीचे पुढचे दिवे हा तिचा नाकनक्षा आहे. १९६४, १९६५ आणि १९६७ ची मोंटे कार्लो रॅली मिनीने जिंकली, आणि १९६६ ला तर पहिल्या तिन्ही नंबरांवर मिनी होत्या पण हेडलाइट नियमात बसत नाहीत म्हणून तिन्ही बाद केल्या. तेव्हा दिव्यांत घाई नको. आतून लिक्विड क्रोमचा पेन, पूर्ण एक दिवस वाळू द्या, मग काच. काचांना इन्स्टंट ग्लू अजिबात लावू नका, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते आणि पुसता येत नाही. साधा फेव्हिकॉल टूथपिकने लावा, वाळला की पारदर्शक होतो आणि जास्त झाला तर ओल्या कापडाने पुसता येतो.

आरसे, वायपर, अँटेना एकदम शेवटी, एकाच बैठकीत, खाली जुनी पांढरी चादर अंथरून. चादर नसेल तर पार्ट चिमट्यातून उडतो आणि नाहीसा होतो. उडाला तर जागेवरून हलू नका, लाइट बंद करा, मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा फिरवा, बारीक पार्टची लांब सावली पडते. नाहीच सापडला तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना पातळ सॉक्स रबर बँडने बांधून फिरवा, कचरा सॉक्सवर अडकतो. मिनीचा उजवा वायपर मला असाच कपाटाखालून मिळाला, आणि त्याच्यासोबत बीटलचा एक हेडलाइट, जो हरवला म्हणून ती बीटल तीन वर्षं डब्यात पडून होती.

हेडलाइट धुवून बीटलच्या डब्यात टाकलाय. चिठ्ठीवर एक ओळ वाढवली, "हेडलाइट सापडला, उजवी सीट आधी."