क्षमेची गाणी बसवायची असतील तर : भुसावळच्या एका पेटीवाल्याचं टिपण

दुःखसहनाच्या आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) नुसत्या गाण्यांची सभा असते. विषय एकच, क्षमा. पाच गाणी, प्रत्येकाआधी ते लिहिणाऱ्याची दोन मिनिटांची हकीकत, आणि सव्वा तासात सगळे घरी. मी मालगाडीवर गार्ड होतो, ३४ वर्षं. रिटायर झालो आणि पेटी व ही सभा दोन्ही गळ्यात पडली. आता धरणगाव, नंदुरबार, पार नवापूरकडून विचारणा होते, भाऊ, हे बसवता कसं? प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून लिहून ठेवतो.

आधी निवड. पहिल्या वर्षी मी सगळी आवडती गाणी घेतली आणि सभा छान झाली असं मला वाटलं. बाहेर चपला घालताना अमळनेरकडची एक आजी म्हणाली, "भाऊ, या समदा गानास्मा मालेच माफी भेटस. मी कोनले देवानी, ते कोठेच नही." मी हसलो. घरी येऊन पेन्सिल घेतली आणि 'उपासनासंगीत', आमचं गीतांचं पुस्तक, उघडून बसलो. 'माझी पापं क्षमा कर' असं गाणं आलं की समासात 'घे', 'मी दुसऱ्याला क्षमा करतो' असं आलं की 'दे'. रात्रीचे साडेअकरा वाजले. 'घे' पानोपानी आणि 'दे' हुडकावे लागत होते. म्हातारीचं बरोबर होतं. इंग्रजी गाण्यांतही हीच गत आहे. तेव्हा तुम्हीही निवड करताना ही पेन्सिल चालवा. पाचातलं निदान शेवटचं गाणं 'दे'चं हवंच, नाहीतर येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतलं अर्धंच वाक्य गाऊन आपण घरी जातो.

ते वाक्य मराठीत फार जबर आहे. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ऋण. आपल्याकडे हा शब्द समजवावा लागत नाही, कपाशीवाल्याला तर नाहीच. सभेची सुरुवात मी इथूनच करतो. बायबलातल्या मत्तयाच्या १८व्या अध्यायातला तो चाकर घेतो, ज्याला राजाने दहा हजार तालांत सोडले आणि ज्याने बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे ६,००० दिनार. निंदणीची मजुरी ३०० रुपये धरा. सोबत्याचं देणं ३०,००० रुपये. काही कमी नाही, त्यात कुणाचं बियाणं-खत निघतं. आणि चाकराला सुटलेलं कर्ज १,८०० कोटी. हा हिशेब फळ्यावर खडूने मांडा. बोलून सांगितला तर शून्यं हरवतात.

या हिशेबाला लागूनच पहिलं गाणं, 'रॉक ऑफ एजेस'. लिहिणारा ऑगस्टस टॉपलेडी. याची नेहमीची गोष्ट अशी की वादळात तो डोंगराच्या कपारीत लपला आणि तिथेच पत्त्याच्या पानावर गाणं लिहिलं. ही सांगू नका. तिला आधार नाही, आणि खरी गोष्ट तिच्याहून भारी आहे. टॉपलेडी एक मासिक चालवायचा. मार्च १७७६च्या अंकात त्याने इंग्लंडच्या राष्ट्रीय कर्जावर लेख छापला आणि त्यातून माणसाच्या पापाच्या कर्जावर आला. सेकंदाला एक पाप धरलं तर ८० वर्षांच्या आयुष्यात किती? त्याने आकडा काढला : २५२ कोटी २८ लाख ८० हजार. हे फेडणार कोण, असं विचारून खाली हे गाणं दिलं. मी कॅल्क्युलेटरवर पडताळलं. लीप वर्षं सोडली तर हिशेब चोख आहे.

पण पुढचंही सांगा. याच टॉपलेडीचा मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या जॉन वेस्लीशी धर्मतत्त्वावरून कडाक्याचा वाद होता. दोघांनी एकमेकांवर छापून चिखलफेक केली आणि १७७८ साली टॉपलेडी वारला तोवर ते मिटलं नाही. म्हणजे पापं सेकंदासेकंदाने मोजणाऱ्यालासुद्धा समोरच्याचं एक खातं बंद करता आलं नाही. लोक इथे हळूच हसतात. हसू द्या.

दुसरं गाणं 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम', हे पटकन आटपायचं. शार्लट एलियट, इंग्लंडमधल्या ब्रायटनची, कायमची आजारी. तिचा भाऊ गरीब पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) मुलींसाठी शाळा काढत होता आणि त्या मदतीच्या बाजारासाठी घरातले सगळे राबत होते. आपला काही उपयोग नाही या विचाराने ती खचली होती. त्यातून १८३५च्या सुमारास हे लिहिलं गेलं. सोबत योहान ६:३७ वाचा, "जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही." हे गाणं आजारी, म्हाताऱ्या माणसांना बसून गाऊ द्या. उभं राहायला सांगू नका.

तिसरं 'अमेझिंग ग्रेस'. इथे माझे दोन घोटाळे झालेत, ते तुम्ही टाळा.

पहिला सुराचा. ही चाल सा-वर सुरू होत नाही, खालच्या पंचमावर सुरू होते आणि मग सा-वर चढते. मी सवयीने सा दाबून धरला, पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. मंडळीने तिथूनच गाणं उचललं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी चाल चढते, तिथे सगळे वरच्या पांढरी पाचवर जाऊन आदळले. महिला मंडळाचं किंचाळणं आणि पुरुषांची एकदम शांतता, असा तो प्रकार होता. सा पांढरी पाचच ठेवा, पण सुरुवातीला खालची पांढरी दोन वाजवून दाखवा, मग एक ओळ एकट्याने गा आणि त्यानंतरच मंडळीला हात करा. चालीत मध्यम नाही, निषाद नाही, सगळे भूपाचेच सूर. ज्याने भजनात भूप गायलाय त्याला ही चाल पाच मिनिटांत येते. तबला असेल तर दादरा हळू लयीत धरा. ढोलकी मात्र नको, लगेच वरात निघते.

दुसरा घोटाळा हकीकतीचा. मी रंगवून सांगितलं की जॉन न्यूटन गुलामांच्या धंद्यात होता, १७४८च्या वादळात देवाचा धावा केला आणि किनाऱ्याला लागताच तो पापी धंदा सोडून पाळक झाला. सभेनंतर चाळीसगावहून पाहुणे आलेले एक निवृत्त इतिहास शिक्षक जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान गाता. पण तारखा बघा एकदा."

बघितल्या. वादळ मार्च १७४८चं. त्यानंतर, १७५० ते १७५४, न्यूटन कप्तान म्हणून गुलामांच्या तीन सफरींवर गेला. म्हणजे प्रार्थनाही चालू आणि खाली तळघरात साखळदंडातली माणसंही. समुद्र सोडला तो तब्येतीने साथ सोडली म्हणून. १७६४ साली ओल्नी गावात पाळक झाला. हे गाणं १ जानेवारी १७७३च्या उपासनेसाठी लिहिलेलं, छापून आलं १७७९ साली. आणि गुलामीच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघड पत्रक काढलं ते १७८८मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी! त्यात तो कबूल करतो की ज्या धंद्याच्या आठवणीने आता काळीज हादरतं, त्यात आपण एकेकाळी स्वतः राबलो. इंग्लंडने तो व्यापार कायद्याने बंद केला १८०७ साली आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन गेला.

आता मी अशीच सांगतो, चाळीस वर्षांसकट. गाडी सिग्नलला थांबली आणि लगेच रूळ बदलले, असं माणसाचं होत नाही. सभेतले लोकही काही एका रात्रीत बदललेले नसतात. रंगवलेल्या गोष्टीपुढे ते मान खाली घालतात, खरी ऐकली की वर बघतात. लिहिणाऱ्याची हकीकत सांगताना तारीख आधी काढा, अश्रू नंतर. आणि त्या तळघरातल्या माणसांचं नाव एका वाक्यात तरी घ्या. कप्तानाला क्षमा मिळाल्याचं गाणं आपण गातो, त्यांचं मत कुणी घेतलं नव्हतं.

चौथं गाणं आपलं, नारायण वामन टिळकांचं. हे इंग्रजी गाण्यांच्या रांगेत बसवू नका. पेटी थोडी मागे घ्या, टाळ पुढे आणा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं स्वतःच म्हणत, तेव्हा अभंगाच्या चालीतलं त्यांचं एखादं गीत निवडा, पुस्तकात पुष्कळ आहेत. रेल्वेवाला म्हणून मला आवडणारा भाग हा की ही गोष्ट आगगाडीच्या डब्यात सुरू झाली. राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांचं एक गीत निकोल मॅक्निकोल या स्कॉटिश मिशनऱ्याने इंग्रजीत नेलं आणि ते तिकडच्या गीतसंग्रहांत आहे. तुझ्या शाळेत बसायचीही ज्याची लायकी नाही त्याला तू मित्र म्हटलंस, असा त्याचा भाव.

पण क्षमेच्या सभेत टिळकांची गोष्ट लक्ष्मीबाईंशिवाय सांगणं म्हणजे डबे सोडून नुसतं इंजिन नेणं. नवऱ्याने धर्म बदलला, संसार उधळला. त्या पाचेक वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, आणि १९००मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात टिळकांचा तापटपणा त्यांनी झाकलेला नाही आणि त्यांचं मोठेपणही झाकलेलं नाही. 'मी क्षमा केली' असं मोठं वाक्य घेऊन त्या येत नाहीत, पण हसत हसत सगळं सांगतात. टिळक १९१९ साली गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. माझ्या लेखी त्यांच्या क्षमेचा सगळ्यात लांब पुरावा तोच.

आता पाचवं, 'दे'चं गाणं. ही बाई मला उशिरा सापडली. रोझमंड हर्क्लॉट्स. जन्म १९०५, आपल्याच देशात, मसुरीला. इंग्लंडमध्ये शिक्षिका होती, पुढे सेक्रेटरीचं काम केलं. १९६६मध्ये पुतण्याच्या (की भाच्याच्या, इंग्रजीत दोघांना शब्द एकच) बागेत ती तण उपटत होती. मुळं खोल गेलेली, हाताला निघेनात. तेव्हा तिच्या मनात आलं की कडवटपणाची मुळंही अशीच खोल जातात. त्यातून 'आम्ही जशी क्षमा करतो तशी तू कर' या वाक्यावर तिने गाणं लिहिलं. ते गाणं सरळ विचारतं की जुने डंख आणि राग उराशी धरून बसलेल्याला तुझी क्षमा पोचणार तरी कशी.

बाई १९८७ साली गेली, म्हणजे गाण्याचे हक्क अजून आहेत. शब्दशः भाषांतर करून झेरॉक्स वाटू नका. हकीकत सांगा आणि गाणं आपलं जोडा. खान्देशात तण समजवायला बाग कशाला हवी? काळ्या मातीतला कुंदा आहे ना. निंदणीत खुरप्याने वरून कापला की शेत स्वच्छ दिसतं, एक पाऊस पडला की तो पुन्हा उभा. कुदळीने खणून कांड्या वेचल्या तरच जातो आणि एक कांडी राहिली तरी पुढच्या वर्षी तुमच्या नावाने हजर. मी कवी नाही, पण अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं बोटावर मोजून एवढं जुळवलं :

वर वर खुडी, मनातला कुंदा,
पुन्हा त्याचा धंदा, मुळाखाली.
कुदळ दे हाती, खणू दे रे खोल,
राग अनमोल, मानिला मी.
माझे देणे सारे, फेडिलेस पूर्ण,
भावाचे ते ऋण, का मी मोजू?

हवं तर घ्या, चाल कुठलीही भजनाची लावा. यापेक्षा चांगलं जुळलं तर मला ऐकवा. नवापूरकडच्या मंडळीने मावची बोलीत जुळवायला घेतलंय. आजीबाईंसाठी एक कडवं अहिराणीत करायचा विचार आहे, अजून जमलेलं नाही.

काही फुटकळ गोष्टी. सभा साडेसातच्या आधी ठेवू नका, त्या दिवसांत पत्रा सातपर्यंत तापलेला असतो. गाणी चालू असताना कूलर बंद ठेवा, त्याच्या घरघरीत पेटीचा खर्ज बुडतो. एका गाण्यानंतर मिनिटभर शांतता ठेवायची तर आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणाला वाटतं लाइट गेली, कुणी प्रार्थना सुरू करतं. स्तोत्र ५१ वाचायचं असेल तर बायकांपैकी कुणालातरी द्या आणि "माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर" इथे तिला थांबू द्या. अक्षरं मोठी छापा, आमच्याकडे निम्म्यांना चाळीशी लागली आहे.

आणि एक करू नका. शेवटच्या गाण्यानंतर "आता ज्यांचं बोलणं बंद आहे त्यांनी उठून हात मिळवा" असं कुणालाही म्हणायला लावू नका. मी एकदा हे दुसऱ्या गावात पाहिलंय. दोघांनी सगळ्यांसमोर हात मिळवले आणि बाहेर जाऊन आधीपेक्षा जास्त भांडले. माझंही माझ्या चुलतभावाशी वाडवडिलांच्या घरावरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं. तो पंख्याखालच्या तिसऱ्या बाकावर बसायचा, मी पेटीवर. कुणी तेव्हा आम्हाला उठवलं असतं तर मी पेटी सोडून गेलो असतो.

शेवटचं गाणं झालं की आशीर्वाद, माइक बंद, आणि चहा. चहाला कागदी कप आणू नका. स्टीलचे आणा, म्हणजे धुवावे लागतात आणि माणसं नळापाशी रेंगाळतात. गेल्या वर्षी मी विसळत होतो आणि चुलतभाऊ फडक्याने पुसत होता. बोललो ते कूलरच्या पंपाबद्दल. त्याच्याकडे जुना एक पडून आहे म्हणाला, घेऊन जा.