सुवार्ता सांगायची कशी? सामान्य विश्वासणाऱ्यासाठी

येशूवरील विश्वासामुळे दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाच्या हत्येनंतर यरुशलेमेतल्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाचा, छळ सुरू झाला, तेव्हा प्रेषित (येशूने निवडलेले प्रमुख शिष्य) शहरातच राहिले. पांगले ते बाकीचे विश्वासणारे, आणि वचनाची सुवार्ता, म्हणजे येशूविषयीची शुभ बातमी, सांगत फिरले तेही हेच (प्रेषितांची कृत्ये ८:१-४). अंत्युखिया शहरात हेल्लेणी (ग्रीक) लोकांना सुवार्ता सांगणाऱ्या कुप्र व कुरेनेच्या माणसांची तर नावेही शास्त्रात नाहीत. त्यामुळे हे काम एकट्या पाळकांवर सोपवून मोकळे होता येत नाही.

सुरुवात प्रार्थनेने करा. रोजच्या ओळखीतल्या ३ ते ५ जणांची नावे वहीत लिहा आणि दररोज १० मिनिटे त्यांच्यासाठी प्रार्थना करा. नावे वीस झाली की प्रार्थनेची हजेरी होते, म्हणून मोजकीच ठेवा.

मग सुवार्ता दोन मिनिटांत, साध्या भाषेत सांगता येते का ते पाहा. गाभा १ करिंथ १५:३-४ मध्ये आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. त्याच्या आधी एक गोष्ट सांगावी लागते: देव पवित्र आहे आणि आपण सर्वांनी पाप केले आहे (रोम ३:२३). शेवटी दुसरी: पश्चात्ताप करून विश्वास ठेवा (मार्क १:१५). बहुतेकांचे बोलणे ‘देव तुमच्यावर प्रेम करतो’ इथेच थांबते. वधस्तंभ आणि पुनरुत्थान राहून जातात, आणि ऐकणाऱ्याला सुवार्ता मिळतच नाही.

साक्ष, म्हणजे ख्रिस्ताने आपले जीवन कसे बदलले याची स्वतःची गोष्ट, ही सुवार्तेची जागा घेत नाही. ती सुवार्तेकडे नेते. अग्रिप्पा राजासमोर पौलाने दिलेली साक्ष (प्रेषितांची कृत्ये २६) नमुन्यासाठी वाचा: आधीचे जीवन, ख्रिस्ताची भेट, नंतरचे जीवन. स्वतःची साक्ष सुमारे ३०० शब्दांत लिहून काढा. बोलायला तीन मिनिटे लागतील. त्यातले अर्धा मिनिट आधीच्या जीवनाला, दीड मिनिट ख्रिस्ताविषयी काय उमगले त्याला, उरलेले आताच्या बदलाला. हे प्रमाण नेहमी उलटे होते. जुन्या पापांचे वर्णन लांबत जाते आणि येशूच्या वाट्याला एक वाक्य उरते. लहानपणापासून मंडळीत वाढलेल्यांनी नाट्य रचू नये. त्यांचीही साक्ष खरी आहे. ‘रक्ताने धुतले गेलो’, ‘अभिषेक झाला’ असे शब्द मंडळीबाहेरच्या माणसाला कळत नाहीत. त्यांचा अर्थ सरळ वाक्यात सांगा.

प्रत्यक्ष भेटीत आधी विचारा. पांगलेल्यांपैकी एक असलेल्या फिलिप्पाने रथातल्या कूशी (इथियोपियाच्या) षंढाला, म्हणजे राणीच्या दरबारातल्या अधिकाऱ्याला, ‘वाचता ते समजते का?’ असे विचारले आणि तो यशयातला जो भाग वाचत होता तिथूनच येशूविषयी सांगायला सुरुवात केली. तुम्हीही समोरच्याचे पूर्ण ऐकून घ्या, मग ‘माझा विश्वास काय आहे ते सांगू का?’ अशी परवानगी मागा. नाही म्हटले तर तिथेच थांबा. मैत्री मात्र तशीच ठेवा. हो म्हटले तर मार्ककृत शुभवर्तमान सोबत वाचायला सुचवा. १६ अध्याय, आठवड्याला एक, म्हणजे साधारण चार महिने. प्रत्येक वेळी तीनच प्रश्न: येशू काय करतो? लोक त्याला कसा प्रतिसाद देतात? हा कोण असेल? उत्तरे देण्याची घाई करू नका, शास्त्राला बोलू द्या. प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि पुढच्या भेटीत नक्की घेऊन या.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. समोरच्याच्या श्रद्धेची टिंगल नको. १ पेत्र ३:१५ सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला सांगते. आजार बरा होईल, नोकरी लागेल अशी हमी नको, कारण देवाने न दिलेले वचन मोडले की माणूस ख्रिस्तालाच खोटे मानतो. मदत जरूर करा, पण तिला विश्वासाची अट जोडू नका. मुलांशी आईवडिलांच्या अपरोक्ष बोलू नका. महिनोन्‌महिने प्रतिसाद आला नाही तरी दडपण आणू नका: पौलाने लावले, त्याच्यानंतर शिकवणाऱ्या अपुल्लोसाने पाणी घातले, वाढ देवाने दिली (१ करिंथ ३:६).

कोणी विश्वास ठेवायला तयार झाला, तर आपल्यामागून प्रार्थना म्हणवून घेण्याआधी त्याला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या: येशू कोण आहे, त्याने काय केले, मी कशापासून वळतो आहे. प्रार्थनाही त्याचीच असू द्या. त्याच आठवड्यात मंडळीतल्या दोघा-तिघांशी ओळख करून द्या, बाप्तिस्म्याच्या शिकवणीविषयी पाळकांशी बोला, आणि सोबतचे वाचन मध्येच बंद करू नका.