जुन्या दप्तराची राखण: नागपुरात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्यात जुन्या कागदांच्या खोलीत कूलर लावला जातो. नागपुरातल्या घरगुती आणि संस्थांच्या संग्रहांचं याहून मोठं नुकसान दुसऱ्या कशाने होत नसेल. कूलर गारवा देतो तो हवेत पाणी सोडून. बंद खोलीत काही तासांतच आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे जाते. संध्याकाळी कूलर बंद केला की तीच हवा पुन्हा कोरडी ठाक होते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, हे रोज घडतं, म्हणजे कागद रोज फुगतो आणि रोज आकसतो. आधी पुठ्ठ्याची खळ सुटते, मग शाईचे पापुद्रे निघतात. त्यानंतर मिरगाचा पाऊस आला आणि आर्द्रता सलग काही दिवस ६५ च्या वर राहिली की बुरशी धरते.

स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली आणि पश्चिमेची भिंत टाळा, दप्तर आतल्या खोलीत हलवा. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खिडक्या बंद ठेवा आणि पंखा लावा. काही शे रुपयांत मिळणारा तापमान-आर्द्रतामापक कपाटात ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. ४५ ते ५५ टक्के उत्तम. पण आकडा थोडा वरखाली असला तरी चालेल, दिवसभरात तो उड्या मारायला नको. कपाट जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, म्हणजे वाळवीची मातीची नळी वेळेत दिसते.

रुमाल सोडून कागद "लावणे"

मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, उघडून विषयवार किंवा सालवार गठ्ठे करण्याचा मोह आवरा. एका रुमालात कोणते कागद शेजारी बांधले होते, हीच कित्येकदा एकमेव साक्ष असते. बिनसालाचं, बिननावाचं पत्र शेजारच्या पत्रावरूनच ओळखता येतं. आधी गाठीसकट फोटो घ्या, रुमालावरची चिठ्ठी तशीच ठेवा. मग प्रत्येक कागदाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला. पेन नको, शिक्का नको. विषयवार मांडणी हवीच असेल तर ती यादीत करा. लाल कापड ओलाव्यात रंग सोडतं. त्याऐवजी दोन-तीनदा धुतलेलं कोरं मांजरपाट वापरा.

सालाचा घोळ

यादीत सर्वांत जास्त चुका इथे होतात. मोडी पत्रात सन बहुधा अरबी शब्दांत असतो. "सलास तिसैन मया व अलफ" म्हणजे ३ + ९० + १०० + १०००, म्हणजेच सुहूर सन (मराठी दरबारी कागदांतली कालगणना) ११९३. याला हिजरी समजलं तर इसवी सन १७७९ येतं आणि पत्र नागपूरच्या मुधोजी भोसल्यांच्या काळात जाऊन बसतं. खरं साल १७९२-९३, म्हणजे दुसऱ्या रघुजी भोसल्यांचा काळ. सुहूर सन मृग नक्षत्राला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. जून ते डिसेंबरच्या पत्राला ५९९ मिळवा, जानेवारी ते मेअखेरच्या पत्राला ६००. पत्रावर "छ १० रमजान" असेल तर "छ" म्हणजे चंद्र. त्या वर्षी रमजान एप्रिलमध्ये सुरू झाला, म्हणून साल १७९३. दक्षिणी फसलीला (महसुली सनाला) हेच आकडे ५९० आणि ५९१; शालिवाहन शक मात्र चैत्रात बदलतो, म्हणून त्याला चैत्र ते डिसेंबर ७८ आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. वाचताना "तिसा" ९ आणि "तिसैन" ९०, "सबा" ७ आणि "सबैन" ७०, हे नीट बघा. एका "ऐन"ने दशकं सरकतात. यादीत मूळ शब्द जसेच्या तसे लिहा आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात द्या, म्हणजे चूक झाली तरी पुढच्याला दुरुस्त करता येईल.

प्रांताचंही असंच. १९५२ च्या छापील पत्रकावर "मध्य प्रदेश" दिसलं म्हणून ते भोपाळच्या गठ्ठ्यात टाकू नका. १९५६ पर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. १८९० चा अमरावतीचा कागद मध्य प्रांताचा नव्हे. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वेगळा मुलूख होता, तो मध्य प्रांताला १९०३ मध्ये जोडला गेला. कागदावर "चांदा" असेल तर यादीतही "चांदा" लिहा आणि शेजारी "चंद्रपूर".

चिकटपट्टी, लॅमिनेशन, मोरचूद

फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग शाईसकटच निघतो. लॅमिनेशन तर परत फिरवताच येत नाही. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत सोडा, त्यातल्या तांब्याने कागद ठिसूळ होतो. फाटलेला कागद कोऱ्या, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा. जोडायचं काम जाणकारावर सोपवा. गंजलेली टाचणी ओढू नका, दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिक सरकवून हळूच उचला.

झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भाच्या) नाटकांचे रंगवलेले पडदे घडी घालून ठेवले की घडीवर रंग तडकतो आणि तिथेच कापड फाटतं. रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा. सरेसात कालवलेला रंग ओल्या फडक्याने क्षणात पुसला जातो, म्हणून फक्त मऊ ब्रश फिरवा. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक रचू नका. प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात, लांब कडेवर उभी ठेवा.

कसर लागली तर कडुलिंबाचा ताजा पाला घालू नका, तो ओलावाच आणतो. कागद पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. फोटो, काच आणि चित्रं यात घालू नका. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास तशीच बंद राहू द्या, नाहीतर थंड कागदावर दव धरेल.